अडीच इंच

रबाळ्याच्या कंपनीतून आणली ही सुरळी.
चाळीस पट्ट्या, कापून तयार,
अडीच इंच रुंद, चव्वेचाळीस लांब.
परदेशातली ऑर्डर फिरली, माल पडून राहिला.
सुपरवायझर म्हणाला, न्या हो मावशी,
धागे तुम्हीच कापलेत, आता काय ते तुम्हीच करा.

वांगी, लिंबू, शेवाळी, राखाडी,
एक मळकट गुलाबी, झिजल्या साबणासारखी.
रंग लावत बसले नाही.
डोळे मिटून पिशवीत हात घालायचा,
येईल ती पट्टी आधीच्या पट्टीला जोडायची.
ही गावची वाकळ नव्हे,
दिवाळीपासून शिमग्यापर्यंत धावदोऱ्यात अडकलेली.
ही मशीनवरची, सोपी.
एका दुपारची, असं वाटलं होतं.

टोकाला टोक लागत गेलं
आणि घरात मावेना.
मशीन दाराशी ओढलं.
दीडशे फुटांना थोडी कमी भरली.
निम्म्यात दुमडून गॅलरीत पसरली तर
गॅसची टाकी, सायकल, भिलाऱ्यांचं दार,
शेडग्यांचं कुलूप ओलांडून
दुमड पोचली शालनच्या उंबऱ्याशी.

शालन माझी थोरली जाऊ.
सासऱ्यांमागे मसाला मार्केटातला बिल्ला
तिच्या नवऱ्याला मिळाला, माझ्या नाही.
टोळीत जागाच एक होती.
अकरा वर्षं झाली.
कोपरखैरण्यात एकाच मजल्यावर राहतो,
एकाच टाकीचं पाणी पितो
आणि हळदीकुंकवाला दोघी
एकमेकींची वेळ चुकवून जातो.

पोरं क्लासला, माणसं कामावर.
दोन्ही टोकं सुईखाली घातली.
चार हात शिवण गेली असेल नसेल,
पट्टी गुरफटायला लागली.
उसवलं. शिवलं. परत तेच.
तेवढ्यात पलीकडून ताण आला,
दोरीवरचा कपडा वाळलाय का
चाचपून पाहावा, एवढाच.
शालन होती. ओल्या हातांनी
दुमड उचललेली.
म्हणाली, "पीळ पडलाय."

कुणाला, ते मी विचारलं नाही.
सुंभ जळतं म्हणतात, तरी हा राहतोच.
तिनं पट्टी दोन बोटांत धरून
एकदा उलटी फिरवली,
जास्त झाली, थोडी परत सुलटी.
मी पायटा मारला.

मशीन ओढत गेलं तशी ती येत गेली,
कुलपापासून भिलाऱ्यांच्या दाराशी,
सायकलशी, टाकीशी.
दुमडीवर कात्री चालवली.
पुन्हा दुमडलं, पुन्हा तिच्या हातात दिलं.
या वेळी तिला छत्तीस फुटच जावं लागलं.
मग अठरा. मग नऊ.
कापड रुंद होत होतं, तिची चाल तोकडी.
बोललो नाही. मशीनच इतकं खडखडत होतं.

शेवटच्या फेरीत साडेचार फूट.
मशीनच्या त्या बाजूला ती, या बाजूला मी,
मधे चाळीस पट्ट्यांचं धूड.
तिच्या भुवईवर टाक्यांची खूण दिसली.
कधी लागलं, मला ठाऊकच नव्हतं.
ती म्हणाली, "दोन राखाडी शेजारी आल्यात."
मी म्हटलं, "आल्यात खऱ्या,"
आणि उसवायला ब्लेड शोधू लागले.
"राहू दे," म्हणाली,
नळ आला असेल, असं काहीसं पुटपुटली, गेली.
चहा विचारायचा राहिला.

जुन्या पलंगपोसाचं अस्तर लावलं.
कोऱ्या कापडाची खळ जावी म्हणून
रविवारी गोधडी धुतली.
माझ्या दारातलं ऊन दहालाच संपतं,
तिच्या दोरीवर चारपर्यंत रेंगाळतं.
न विचारता तिथेच टाकली.
पाचला आणायला गेले
तर अस्तर वर केलेलं,
त्यालाही ऊन लागावं म्हणून.
आणि चिमटे माझे नव्हते.